खालचे स्टे सैल पडतात ते वरच्या दोरांमुळे: तीन डोलकाठ्यांच्या मॉडेलचं रिगिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १:६४ प्रमाणातलं, १८ व्या शतकाच्या अखेरचं तीन डोलकाठ्यांच्या इंग्रजी फ्रिगेटचं (युद्धनौकेचं) मॉडेल. हल (जहाजाचं धड) आणि डेक तयार आहे, काठ्या उभ्या केल्यात. खालचे स्टे (काठीला पुढे ओढून धरणारे दोर) आणि श्राउड (तिला दोन्ही बाजूंनी धरणारे दोर) छान ताठ बसले होते, पण टॉपमास्ट आणि त्यावरचं टॉपगॅलंट या वरच्या काठ्यांचे स्टे ओढल्यावर खालचे लोंबायला लागले. रॅटलाइन (श्राउडवरच्या शिडीच्या आडव्या दोऱ्या) बांधताना श्राउड मधे आत ओढले गेले. आता किटमधला दोरा बदलावा का, आणि शिडं लावावीत की नाही?

दोऱ्याबद्दल पुढे लिहितो, पण मूळ दुखणं दोऱ्यात नाही. रिगिंगमधला, म्हणजे काठ्या-शिडांच्या दोरजाळ्यातला, कुठलाही दोर एकटा ताठ राहत नाही. त्याच्या विरुद्ध बाजूला ओढणारं काहीतरी असतं म्हणूनच तो ताठ दिसतो. टॉपगॅलंटचा स्टे तुम्ही जोरात ओढलात की टॉपमास्टचा शेंडा पुढे झुकतो, त्याच्याबरोबर खालच्या काठीचं डोकं केसभर पुढे येतं, आणि खालच्या स्टेची दोन टोकं जवळ आली की तो लोंबणारच. पुढच्या काठीला आणखी एक भानगड असते. तिचे स्टे बोस्प्रिटवर, म्हणजे जहाजाच्या नाकातून पुढे निघालेल्या तिरप्या काठीवर, येतात. वरचा स्टे बोस्प्रिटला वर उचलतो आणि त्यामुळे खालचा फोरस्टे (पुढच्या काठीचा स्टे) ढिला होतो. म्हणून बोस्प्रिटचं गॅमनिंग (त्याला हलशी जखडणारे वेढे) आणि खालून ओढणारे बॉबस्टे हे सगळ्यांत आधी, पक्के. बॉबस्टे नंतर लावू म्हणून ठेवले असतील तर फोरस्टे कितीही वेळा बांधा, तो सैलच पडेल.

तेव्हा आहे ते सोडवा. गाठींना पांढरा गोंद वापरला असेल तर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, काही मिनिटांत गाठ मऊ होते. सुपरग्लू वापरला असेल तर मात्र तो दोर कापून नवा घालावा लागेल. रिगिंगमध्ये सुपरग्लू शक्यतो वापरूच नये: दोरा काळपट, कडक आणि ठिसूळ होतो, शेजारच्या लाकडावर पांढरी वाफ बसते आणि चूक दुरुस्त करायची सोय राहत नाही. पांढऱ्या गोंदात तेवढंच पाणी घालून सुईच्या टोकाने एक थेंब दिला की गाठीचं काम भागतं. वाळल्यावर चकाकी राहिली तर वरून मॅट वॉर्निशचा बारीक हात द्यावा.

आता क्रम. काठीच्या डोक्यावर आधी टॅकलचे पेंडंट (कप्पी अडकवायचे लोंबते दोर), मग श्राउडच्या जोड्या, त्यावर स्टे, असे थर खऱ्या जहाजावर बसत आणि मॉडेललाही तोच क्रम सोयीचा पडतो. श्राउडची पहिली जोडी उजव्या बाजूची सगळ्यांत पुढची, दुसरी डाव्या बाजूची सगळ्यांत पुढची, मग पुन्हा उजवी, पुन्हा डावी. एका बाजूच्या चारही जोड्या आधी उरकून मग दुसरीकडे वळलात तर काठी तेवढ्यात एका अंगाला कलते आणि डोक्यावरचे वेढेही तिरपे बसतात.

श्राउड काठीच्या मागच्या बाजूला उतरतात, म्हणजे ते तिला मागे खेचतात. पुढे ओढायला फक्त स्टे. त्यामुळे श्राउड घालण्याआधी स्टेच्या जागी एक तात्पुरता दोरा बांधून काठीचा कल पक्का करून घ्या. पुठ्ठ्याचा कोन कापून डेकवर उभा धरला की कल दर वेळी तपासता येतो. मुख्य काठीचा टॉपमास्ट स्टे पुढच्या काठीवर येऊन तिला मागे ओढतो आणि त्याला अडवायला फोरस्टेशिवाय कोणी नाही. म्हणून ताण देताना नाळेकडून (जहाजाच्या पुढच्या टोकाकडून) मागे यायचं: बॉबस्टे, पुढची काठी, मुख्य काठी, शेवटी मिझन, म्हणजे सगळ्यांत मागची काठी. प्रत्येक काठीवर खालून वर.

काठी खोबणीत चिकटवू नका. चिकटवलेली काठी थोडी हलवून नीट करता येत नाही, मग कल चुकला की वाकवण्याशिवाय मार्ग उरत नाही.

ताण किती द्यायचा? दोरातला झोळ जाईल इतकाच. पक्की गाठ मारण्याऐवजी प्रत्येक दोराच्या मोकळ्या टोकाला २० ते ३० ग्रॅमचा चिमटा लटकवून ठेवा. एका उंचीच्या सगळ्या दोरांवर सारखं वजन असल्याने ताणही आपोआप सारखा राहतो. त्या काठीवरचं सगळं उभं रिगिंग (काठ्यांना धरून ठेवणारे पक्के दोर), अगदी टॉपगॅलंटच्या बॅकस्टेसकट (काठीला मागे ओढणाऱ्या दोरांसकट), जागेवर आलं की पुढून आणि बाजूने बघा, आणि मगच चिमटे काढून गाठी पक्क्या करा. वर जाल तसा ताण कमी करायचा. टॉपगॅलंटची काठी या प्रमाणात जेमतेम अडीच-तीन मिमी जाडीची असते, ती बोटाच्या जोरानेसुद्धा वाकते.

डेडआयकडे, म्हणजे श्राउडच्या खालच्या टोकाशी जोडीने बसणाऱ्या तीन भोकांच्या गोल ठोकळ्यांकडे, जरा सवडीने पाहावं लागेल, कारण नंतर नजर तिथेच जाते. वरची डेडआय एका रेषेत नसतील तर बाकी काम कितीही सुबक असो, ते डोळ्यांत खुपतं. ०.६ मिमी पितळी तारेचा इंग्रजी ‘यू’ करा, दोन टोकांतलं अंतर आराखड्यातल्या दोन डेडआयमधल्या अंतराएवढं, मग टोकं काटकोनात वळवा. एक टोक खालच्या डेडआयच्या भोकात, दुसरं वरच्याच्या. आता श्राउड वरच्या डेडआयभोवती वळवून चिमट्याने धरा, ०.१ मिमी दोऱ्याने गळ्याशी आठ-दहा वेढ्यांची बांधणी करा, तिच्यावर आणखी दोन. तार काढा, पुढचा श्राउड. वरच्या डेडआयचं एकटं भोक वर, खालच्याचं खाली, म्हणजे दोघांची जोडभोकं समोरासमोर येतात. लॅनयार्ड (दोन डेडआयमधून ओवायचा दोर) श्राउडच्या साधारण निम्म्या जाडीचा घ्या, त्याची गाठ वरच्या डेडआयच्या आतल्या अंगाला, आणि सगळ्या डेडआयना एकाच बाजूच्या भोकापासून सुरुवात. लॅनयार्ड ओवण्याआधी टोकाला दोन सेंटिमीटर गोंद लावून वाळवलात तर सुई लागत नाही.

चेनप्लेट (खालच्या डेडआयला हलशी जखडणाऱ्या पट्ट्या) अजून ठोकल्या नसतील तर थांबा. काठी जागेवर उभी करून तिच्या डोक्यापासून चॅनलच्या (हलबाहेर आलेल्या फळीच्या) खाचेपर्यंत दोरा ताणा आणि तीच रेष हलवर खाली वाढवा. खिळ्याचं भोक त्या रेषेवर. किटच्या कागदावर चेनप्लेट बऱ्याचदा एकमेकींना समांतर काढलेल्या दिसतात. तशा ठोकल्या की श्राउड आणि चेनप्लेट यांच्यात कोन पडतो आणि ताण आल्यावर डेडआय पिळतं. रेष तोफेच्या खिडकीवरून गेली तर चॅनलवरची खाच थोडी सरकवा, चेनप्लेटचा कोन मोडू नका.

डेकवरचे आयबोल्ट (दोर अडकवायच्या कडीचे खिळे) हा दुसरा कच्चा दुवा. बल्कहेडवर (हलच्या आतल्या आडव्या चौकटींवर) बसवलेल्या किटमध्ये डेकचं प्लाय एक मिमीच्या आसपास असतं, त्यात नुसत्या गोंदावर बसवलेला आयबोल्ट स्टेच्या ताणाने कधी ना कधी उपटून येतो, आणि तोही नेमका वरचं सगळं बांधून झाल्यावर. डेकखाली लाकडाचा ठोकळा चिकटवायची वेळ तुमच्या बाबतीत निघून गेली आहे. आता उपाय असा: आयबोल्टच्या दांड्याला पक्कडीने चार-पाच खाचा पाडा, टोक जरा वाकडं करा, आणि इपॉक्सीत बसवा. रात्रभर तसाच राहू द्या.

रॅटलाइन. श्राउड डमरूसारखे मधे आत जातात याचं कारण प्रत्येक गाठ आवळताना दोन श्राउडमधला तुकडा जरासा आखूड होतो. एका ओळीत ते लक्षात येत नाही, वीस ओळी झाल्या की दिसतं. यावर दोन गोष्टी करायच्या. एक, काम सुरू करण्याआधी मधल्या उंचीवर श्राउडना आडवी पातळ काडी तात्पुरती बांधायची, श्राउडमधलं अंतर मोजून. दुसरी, खालून वर सलग न जाता दर पाचवी ओळ आधी बांधायची आणि मग मधल्या भरायच्या. श्राउडच्या मागे रेघा मारलेला पांढरा कागद लावा. रेघा जलरेषेला समांतर हव्यात, श्राउडला काटकोनात नव्हेत. खऱ्या जहाजावर रॅटलाइनमधलं अंतर १३ ते १५ इंच असे, म्हणजे १:६४ ला ५ ते ६ मिमी. मधल्या श्राउडवर क्लोव्ह हिच (दोन वेढ्यांची गाठ), दोन्ही कडांना बारीक गाठ आणि गोंदाचा थेंब. गाठ आवळताना दोरा बाजूला ओढायचा नाही. हिच सैल घालायची, श्राउडवर जागेवर सरकवायची, आणि दोन्ही टोकं श्राउडच्या दिशेने, वर आणि खाली ओढून बसवायची. दोन गाठींमधला दोर किंचित लोंबलेला असेल तर चांगलंच, माणसांच्या पायाखाली तो तसाच दिसायचा.

दोऱ्याच्या जाडीसाठी किटवर विसंबू नका, हिशेब स्वतः करा. जुन्या तक्त्यांमध्ये दोराचं माप म्हणजे त्याचा घेर, इंचात. जाडीसाठी ३.१४ ने भागायचं. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या इंग्रजी जहाजांना लागू पडणारा ढोबळ नियम असा की मुख्य स्टेचा घेर मुख्य काठीच्या व्यासाच्या निम्मा, आणि श्राउडचा घेर स्टेच्या सहा-दशांश. समजा काठी २७ इंच व्यासाची आहे. स्टेचा घेर साडेतेरा इंच, जाडी ४.३ इंच म्हणजे १०९ मिमी, १:६४ ला १.७ मिमी. श्राउड त्याच हिशेबाने १ मिमी. रॅटलाइनचा घेर दीड इंच धरला तर ०.१९ मिमी, म्हणजे ०.२ चा दोरा. बऱ्याच किटमध्ये तीन-चारच जाडीचे दोरे असतात आणि रॅटलाइनलाही ०.५ देऊन टाकतात. श्राउड आणि रॅटलाइन सारख्या जाडीचे दिसले की जहाजाचं प्रमाणच बिघडतं. उभं रिगिंग डांबर लावलेलं, म्हणून गडद तपकिरी. कुळकुळीत काळा या प्रमाणात फार भडक दिसतो. चालतं रिगिंग, म्हणजे शिडं हलवणारे दोर, फिकट, तागाच्या रंगाचं.

किटमधला दोरा बहुधा सुती असतो. त्याला तंतू सुटतात आणि हवेत दमटपणा आला की तो फुगून आखूड होतो, कोरड्या हवेत परत सैल पडतो. दमट दिवसांत ताठ बांधलेलं मॉडेल पुढे लोंबतं, कोरड्या दिवसांत कचकचून बांधलेलं पुढे काठ्या वाकवतं. पिळाचा पॉलिएस्टर दोरा या बाबतीत बराच स्थिर, म्हणून निदान स्टे आणि श्राउडना तोच घ्या. सुती दोरा वापरायचाच तर मेणावरून ओढून बोटांनी चोळा म्हणजे तंतू बसतात. मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन नेऊन तंतू जाळायची युक्ती फक्त सुतीला चालते, पॉलिएस्टर वितळतो.

यार्ड (शीड टांगायच्या आडव्या काठ्या) चढवण्याआधी टेबलावर होईल तेवढं सगळं उरका: कप्प्या, फूटरोप (खलाशांच्या पायाखालचा दोर), स्टिरप (फूटरोपला धरणारे आखूड दोर). काठीवर चढल्यावर तिथे हात पोचत नाही. यार्डच्या मध्यभागी मागून ०.५ मिमीची पितळी खुंटी बसवा आणि काठीत तिच्यासाठी भोक पाडा. नाहीतर एका बाजूचा ब्रेस (यार्ड फिरवणारा दोर) बांधला की यार्ड फिरतं आणि दुसरा बांधताना पहिला ढिला होतो. चालते दोर बांधताना जहाजाच्या मध्यरेषेवरचे, काठीच्या पायथ्याशी उतरणारे आधी. कडेच्या रेलवरचे ब्रेस शेवटी. उलट केलंत तर ब्रेसच्या जाळ्यातून चिमटा आत घालायची वेळ येते. बिलेइंग पिनांच्या (दोर बांधायच्या खुंट्यांच्या) आराखड्याची प्रत काढून बांधलेल्या दोरावर खूण करत जा.

शिडांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या प्रमाणात कापडाची जाडी आणि शिवण दोन्ही खोटी दिसतात, आणि इतक्या कष्टाने केलेलं रिगिंग त्यामागे झाकलं जातं. नका लावू. पण शिडं नसतील तर यार्डची उंचीही तशीच हवी, आणि इथे पुष्कळ मॉडेलं चुकतात. शीड उभारल्यावरच टॉपसेल आणि टॉपगॅलंटची यार्ड वर चढवली जात. शिडाविना ती खाली उतरवलेली असतात, टॉपसेलचं यार्ड खालच्या काठीच्या कॅपच्या (डोक्यावरच्या ठोकळ्याच्या) जरा वर. तेव्हा भार हॅलयार्डवर (यार्ड वर चढवणाऱ्या दोरावर) नसून लिफ्टवर (यार्डची टोकं धरणाऱ्या दोरांवर) असतो, म्हणजे लिफ्ट ताठ दाखवायच्या. सगळ्यांत खालचं यार्ड मात्र स्लिंगमध्ये (टांगत्या दोरात) आपल्या जागीच राहतं. ब्रेसचे कोन या खाली आलेल्या उंचीप्रमाणे बदलतील, आराखड्यात शिडांसह काढलेले कोन जसेच्या तसे उतरवू नका. शीट आणि क्लूलाइन (शिडाचे खालचे कोपरे ओढणारे दोर) सोडून द्यायच्या नाहीत, त्यांची टोकं यार्डखाली एकमेकींना अडकवून ठेवतात.

पिनांवरची दोरांची वेटोळी जागेवर करत बसू नका. लाकडाच्या तुकड्यात तीन खिळे ठोकून त्यांच्याभोवती गुंडाळा, पातळ गोंदाने भिजवा, आणि अर्धवट ओली असताना पिनेवर अडकवून खालून बोटाने ओढा. पूर्ण वाळल्यावर अडकवलेली वेटोळी रेलपासून दूर, हवेत उभी राहतात.