इंग्रजी 'रन'चे नेमके किती अर्थ होतात?

'रन म्हणजे धावणे, मग रन अ कंपनी म्हणजे कंपनी कशी चालवणे?' असा तुमचा प्रश्न आहे. मोजायचेच म्हटले तर ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या संपादकांनी एकट्या क्रियापद 'रन'चे 645 अर्थ नोंदवले आहेत. 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा हा मान 'सेट'कडे होता.

पण आकड्याने घाबरू नका. मूळ कल्पना एकच, सलग गती. पाय सलग हलले की धावणे. पाणी सलग गेले की वाहणे, म्हणून नळ 'रन' होतो आणि सर्दीत नाकही. यंत्र, दुकान, नाटक, सरकार यांना मराठीत आपण 'चालणे' लावतो. गंमत बघा, इंग्रजीत जे धावते ते आपल्याकडे चालते! 'लागणे' आठवा: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो. यातला प्रत्येक अर्थ आपण पाठ करून शिकलो नाही.

खरी अडचण पुढे जोडल्या जाणाऱ्या शब्दांची आहे. 'रन आउट ऑफ' म्हणजे जवळची वस्तू संपणे, 'रन इंटू' म्हणजे अचानक गाठ पडणे, 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणे. हे मात्र अख्खे वाक्य घेऊनच लक्षात ठेवा. निवडणुकीला उभे राहण्याला अमेरिकेत 'रन' म्हणतात, ब्रिटनमध्ये बहुधा 'स्टँड'; इथे मराठीचे ब्रिटिशांशी जमते.