कॉन्व्हेंट म्हणजे मठ, मग त्यात शाळा कुठून आली?

प्रश्न : मुलगी कॉन्व्हेंटमध्ये तिसरीत आहे. परवा तिने विचारलं कॉन्व्हेंट म्हणजे काय, मी डिक्शनरीत बघितलं तर नन्सचा मठ. आता संसार सोडून मठात बसायचं ठरवलेल्या बायका शाळा, अनाथाश्रम, दवाखाने काढत कशा फिरल्या? की सगळं धर्मांतरासाठीच?
– एक पालक, नाशिक

उत्तर : मुलीला सांगा, प्रश्न एकदम बरोबर आहे, कारण खरंच फिरायला बंदी होती. १५६६ साली पोप पाचव्या पायसने नियम पक्का केला की व्रत घेतलेल्या नन्सनी मठाच्या भिंतीआडच राहायचं. युरोपात तेव्हा म्हणच होती, बाईला एकतर नवरा नाहीतर भिंत. आपल्याकडच्या आज्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

मेरी वॉर्ड नावाच्या इंग्रज बाईने १६०९ पासून भिंतीशिवाय राहून मुलींच्या शाळा काढल्या, तर १६३१ मध्ये पोपने तिची संस्थाच बंद केली आणि तिला म्युनिकच्या एका मठात कोंडलं. पॅरिसमध्ये लुईझ दी मारियाक आणि व्हिन्सेंट द पॉल जास्त हुशार निघाले, त्यांनी १६३३ मध्ये गावाकडच्या साध्या पोरी जमवल्या आणि आम्ही नन नाहीच म्हणून सांगितलं, व्रत फक्त वर्षापुरतं, दरवर्षी रिन्यू, कपडेही शेतकरणींसारखे. त्यामुळे त्या गल्लीबोळात आजाऱ्यांच्या घरी जाऊ शकल्या. नन (भिंतीआडची) आणि सिस्टर (बाहेर फिरणारी) हा फरक खरा इथला आहे, आपण दोन्ही एकच समजतो.

पण माझी आवडती आहे आयर्लंडमधली नॅनो नॅगल. जन्म १७१८, कॉर्कजवळचा, घर पैसेवाल्या कॅथलिकांचं. त्या काळी इंग्रजी कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवायची बंदी, शिकायला परदेशी पाठवायचीही बंदी, तरी ही फ्रान्समध्ये शिकून आली. आणि मग कॉर्कच्या गल्लीत चोरून शाळा सुरू केली, राहायची भावाच्या घरी आणि भावालाच पत्ता नाही. एक दिवस एक गरीब माणूस दारात येऊन म्हणाला, माझ्या पोरीला बाईंच्या शाळेत घ्यायला सांगा ना, तेव्हा सगळं फुटलं. भाऊ जाम भडकला, कारण पकडले गेलो तर सगळ्या घराण्यावर येणार, मग हळूहळू शांत झाला. नऊएक महिन्यात दोनशेच्या आसपास मुली झाल्या, पुढे एकूण सात शाळा, पाच मुलींच्या आणि दोन मुलांच्या. काकाकडून मिळालेला पैसा यातच गेला.

बाईंनी आधी फ्रान्समधून अर्सुलाइन नन्सना बोलावून घेतलं, १७७१ मध्ये त्या आल्या, पण त्यांचा तोच नियम आडवा आला, मठाबाहेर पाऊल टाकता येत नाही, म्हणजे झोपडीतल्या पोरांकडे जाणार कोण. म्हणून १७७५ मध्ये स्वतःची संस्था काढली, आज तिला प्रेझेंटेशन सिस्टर्स म्हणतात. बाई १७८४ मध्ये गेल्या. आणि १८०५ मध्ये रोमने संस्थेला मान्यता दिली तीही भिंतीच्या अटीवर!! ज्यासाठी सगळा खटाटोप केला तेच गेलं. मग सिस्टर्सनी भिंतीच्या आतच शाळा भरवली, मुलं आत यायला लागली. १८४२ मध्ये याच संस्थेच्या बायका आयर्लंडहून मद्रासला आल्या.

त्याच वर्षी फ्रान्समधून जीझस अँड मेरीच्या सिस्टर्स आग्ऱ्याला पोचल्या, मुंबईची फोर्ट कॉन्व्हेंट आणि पुण्याच्या कॅम्पातली कॉन्व्हेंट त्यांचीच. ही संस्था १८१८ मध्ये लियाँला क्लोदीन तेव्हनेने काढली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या कत्तलीत तिचे दोन भाऊ मारले गेले होते, अनाथ मुलींना रेशीमकाम शिकवण्यापासून सुरुवात.

धर्मांतराचं म्हणाल तर धर्म शिकवणं हा हेतू होताच, कुणी लपवलेला नाही. पण कॉर्कमधली पोरं आधीच कॅथलिक होती, त्यांना अक्षरओळख नव्हती.

आणि हो, अशा बाहेर फिरणाऱ्या सिस्टर्सच्या संस्थांना रोमने खऱ्या अर्थाने धर्मसंस्था मानलं ते १९०० साली. तोवर त्यांच्या शाळांतून शिकलेल्यांच्या नातीसुद्धा शाळेत जायला लागल्या होत्या.