सनदेआधी कोर्टात किती बोलता येतं?

निकालांचा हंगाम आला की लॉच्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची पत्रं वाढतात. त्यांतली चार-पाच आज घेते.

प्रश्न : मी एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ज्या सरांकडे इंटर्नशिप करतो, ते दुसऱ्या कोर्टात अडकले की मला सांगतात, "जा, तारीख घेऊन ये." हे चालतं का? (सोलापूर)

चालत नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961च्या कलम 33 प्रमाणे कोर्टात वकिली करण्याचा हक्क फक्त सनदधारक वकिलाला, म्हणजे वकिलीचा परवाना मिळालेल्यालाच, आहे. हक्क नसताना वकिली केली, तर कलम 45 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तुम्हाला वाटतं, आपण नुसता निरोप पोचवतोय. पण तारीख मागणं म्हणजे पक्षकाराच्या वतीने न्यायाधीशांना केलेली विनंती. ती नाकारून न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदार हजर आहे, उलटतपास घ्या," तर काय कराल? "उलटतपास नाही" अशी नोंद होऊन साक्षीदार घरी जाईल, आणि ती नोंद मागे घ्यायला पक्षकाराला वेगळा अर्ज आणि वेगळा खर्च करावा लागेल. त्या बिचाऱ्याला माहीतही नसतं की आपल्या बाजूने उभा राहिलेला मुलगा वकील नाही.

शिकत असताना मीही अशीच उभी राहिले होते. न्यायाधीशांनी सनद क्रमांक विचारला आणि माझी वाचाच बसली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मागच्या बाकावर बसा आणि दिवसभर ऐका." त्या दिवशी मी चार साक्षी ऐकल्या. त्याआधीच्या दोन महिन्यांत मिळून तेवढ्या ऐकल्या नव्हत्या.

कलम 32 ची एक वाट मात्र आहे. सनद नसलेल्या व्यक्तीलाही एखाद्या विशिष्ट प्रकरणात हजर राहायची परवानगी कोर्ट देऊ शकतं. ती त्या प्रकरणापुरतीच असते आणि द्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं. सरांच्या सोयीसाठी रोज वापरायची ती गोष्ट नव्हे. सरांना नम्रपणे सांगा, "वकीलपत्रावर सनद असलेल्या एखाद्या ज्युनिअरचं नाव घालू या. मी बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीवर, लक्ष ठेवतो, पुकारा जवळ आला की फोन करतो." हे काम तुम्ही बिनधास्त करा.

प्रश्न : इंटर्नने बँड लावायचा का? (रत्नागिरी)

नाही. गळ्यातला पांढरा बँड आणि गाऊन वकिलाचे. वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत इंटर्नसाठी पांढरी किंवा काळी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट आणि काळे बूट असा पोशाख आहे. कोट-टाय परवडत नसेल, तर पांढरी पँट, खोचलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट पुरतात, हेही त्याच नियमात लिहिलेलं आहे. कोटासाठी उसने पैसे काढू नका.

प्रश्न : मुलगी एलएलबी पास झाली. आता ती लगेच केस चालवू शकते की आणखी परीक्षा आहे? सनदेला खर्च किती? (संगमनेर)

आधी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 च्या निकालात स्पष्ट केलं आहे की नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125 रुपये, त्याहून जास्त घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क लागू असेल तर ते निराळं.

सनद मिळाली की ती उभी राहू शकते, पण ही मुभा तात्पुरती. दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर पास होईपर्यंत वकिली थांबते. प्रश्न 100, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. ज्याने कॉलेजात कायद्याचं पुस्तक स्वतः उघडलं आहे, त्याला ती जड जाऊ नये.

प्रश्न : माझी भाची कॅलिफोर्नियात लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणते, यंदा मी कोर्टात उभी राहणार. हे खरं असेल? (पुणे)

खरं असेल. तिथे पहिलं वर्ष पूर्ण केलेला विद्यार्थी, पुराव्याचा कायदा आणि दिवाणी प्रक्रिया हे विषय शिकलेला किंवा शिकत असलेला, स्टेट बारकडे अर्ज करून 'सर्टिफाइड लॉ स्टुडंट' होऊ शकतो. अनुभवी वकील त्याची जबाबदारी घेतो, पक्षकाराची संमती घेतली जाते, आणि कोर्टात बोलताना साधारणपणे तो वकील शेजारी असावा लागतो. विद्यार्थी अडखळला, तर सावरायला माणूस हजर असतो.

या पद्धतीमागे गरिबांची गरज आहे. गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली गिडियन खटल्यात ठरवलं. इतके वकील आणायचे कुठून? 1969 मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने विद्यार्थ्यांसाठी नमुना नियम तयार केला, आणि राज्याराज्यांत असे नियम रुजले.

आपल्याकडे असं प्रमाणपत्र नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 1995 साली नोंदणीपूर्वी एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते 1999 मध्ये रद्द केले. पण तो निकाल बरोबर नव्हता, असं 2023 मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या घटनापीठानेच म्हटलं. तेव्हा आता तरी बार कौन्सिलने हा विषय पुन्हा हाती घ्यावा. जामीन होऊनही जातमुचलक्याच्या (स्वतःच्या हमीपत्राच्या) किंवा जामीनदाराच्या अटीवर अडकलेल्या कैद्याचा साधा अर्ज, सरकारी मोफत विधी सेवेच्या वकिलाला शेजारी ठेवून, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने का मांडू नये?

प्रश्न : घरात कोणी वकील नाही, ओळख नाही. इंटर्नशिपमध्ये फक्त झेरॉक्स काढायला लावतात. खरं काम कुठे शिकू? (नांदेड)

तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. ती सगळी एकाच ऑफिसात घालवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन पॅरा लीगल व्हॉलंटिअर, म्हणजे लोकांना कायदेशीर मदतीपर्यंत पोचवणारा स्वयंसेवक, व्हायचं आहे, असं सांगा. लॉचे विद्यार्थी सनद होईपर्यंत त्यात येऊ शकतात. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे किती जणींना ठाऊक नसतं. त्यांना अर्ज भरून देणं, कागद लावून देणं, ऐकून घेणं या कामात तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

सरांकडेही झेरॉक्सला जाताना फाइल वाचत जा. आधी दावा, मग कैफियत (प्रतिवादीचं उत्तर), मग रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद). रोजनामा शेवटी, कारण खटला कुठे आणि का रखडला ते तिथे कळतं. मग एका कागदावर पुढच्या तारखेला काय करायला हवं ते लिहून सरांच्या टेबलावर ठेवा. चुकलं तर ते लाल पेनाने दुरुस्त करतील. तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या फाइलला पुन्हा तसाच लिहा.