कुंडीतली द्राक्षवेल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : छाटणीतल्या काही काड्या आणून कुंडीत लावल्या. पंधरवड्यात डोळे फुटले, पाने आली आणि नंतर एकेक काडी वाळत गेली. पाणी तर रोज घालत होतो.

उत्तर : डोळा फुटला म्हणजे काडी रुजली असे समजू नका. काडीत साठलेल्या अन्नावर डोळा आधी फुटतो. मुळ्या पुष्कळदा त्यानंतर, तीन ते पाच आठवड्यांनी धरतात. मधल्या काळात पाने पाणी खर्च करतात आणि खालून काहीच मिळत नाही. त्यात माती सतत चिंब असेल तर काडीचे बूड कुजते. वाळलेली काडी उपटून पाहा. बूड काळे आणि मऊ असेल तर दोष रोजच्या पाण्याचा.

पुन्हा लावताना गेल्या हंगामातली, पूर्ण पिकून तपकिरी झालेली काडी घ्या. जाडी ८ ते १० मिलिमीटर, डोळे तीन-चार. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा डोळ्याच्या २ सेंटिमीटर वर तिरका, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. दोन डोळे मातीत जाऊ द्या. जाड वाळू आणि कोकोपीट समभाग घेऊन लहान पिशवीत लावा, पिशवी सावलीत ठेवा आणि वरचा थर बोटाच्या पेरापर्यंत कोरडा झाला तरच पाणी द्या. एकच फूट, म्हणजे नवा कोंब, वाढू द्या. घडाची कळी दिसली तर खुडून टाका. पिशवीच्या भोकांतून मुळ्या डोकावेपर्यंत मोठ्या कुंडीची घाई नको.

प्रश्न : कुंडी केवढी हवी? माती कोणती?

उत्तर : पहिल्या वर्षी १५ लिटर पुरते, फळासाठी ४० ते ६० लिटर. तळाला बोट जाईल एवढी पाच-सहा भोके पाडा आणि कुंडी विटांवर उचलून ठेवा. बागेतली माती चार भाग, कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट तीन भाग, जाड वाळू तीन भाग. नुसत्या काळ्या चिकण मातीत मुळे गुदमरतात. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी उन्हात फार तापते, तिच्याभोवती गोणपाट गुंडाळा.

प्रश्न : थॉमसन सीडलेस जातीची तीन वर्षांची वेल कठडाभर पसरली आहे, पण घड एकही नाही. दर वर्षी सगळ्या काड्या दोन डोळ्यांवर छाटतो. खत कमी पडते का?

उत्तर : खत कमी नाही, चूक छाटणीत आहे. द्राक्षाचा घड फुटीबरोबर दिसतो, पण तो डोळ्याच्या आत कितीतरी महिने आधी, काडी हिरवी असतानाच, तयार होऊ लागतो. थॉमसनच्या काडीवर बुडाशी असलेल्या डोळ्यांतून बहुधा नुसती पानेच येतात. फळ धरणारे डोळे पाचव्या-सहाव्यापासून पुढे असतात. दोन डोळ्यांवर छाटून तुम्ही दर वर्षी घड कापून टाकत आहात. हीच छाटणी फ्लेम सीडलेसला चालली असती, कारण तिचे बुडाचे डोळेही फळ देतात.

यंदा तीन-चार काड्या निवडा : गोल, टणक, तपकिरी, डोळ्यांतले अंतर कमी. अंगठ्यासारखी जाड, चपटी, लांब पेरांची काडी कितीही जोमदार दिसली तरी घेऊ नका. निवडलेल्या काडीवर ८ ते १० डोळे ठेवा आणि तिच्या बुडाजवळची एक काडी दोन डोळ्यांवर छाटा. तिच्यातून पुढच्या वर्षीची काडी मिळेल. लांब काडी आडवी किंवा कमानीसारखी वाकवून बांधा. उभी सोडली तर फक्त शेंड्याचे डोळे फुटतात.

जिथे कडक थंडी नाही आणि वेल पुरती पानगळ करत नाही, तिथे वर्षात दोन छाटण्या लागतात. उन्हाळ्यात खरड छाटणी : प्रत्येक काडी एका डोळ्यावर, नव्या काड्या मिळवण्यासाठी. सुमारे सहा महिन्यांनी त्याच नव्या काड्यांवर गोडी छाटणी, फळासाठी. या दोहोंमधल्या काळात काड्यांवर थेट ऊन पडलेच पाहिजे, दिवसाला सहा तास तरी. दाटीत, सावलीत वाढलेल्या काडीचा डोळा घडाऐवजी बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, देतो. म्हणून गर्दीच्या फुटी काढा, पानांच्या बगलेतून निघणाऱ्या बगलफुटी खुडा, बारा-पंधरा पानांवर शेंडा मारा. नत्राचे खत आवरा, नाहीतर सावली तुम्हीच वाढवाल. पोटॅश द्यायचे तर सल्फेटच्या रूपातले द्या. म्युरेट ऑफ पोटॅश या खतातले क्लोराइड वेलीला सोसत नाही.

प्रश्न : छाटल्यावर कापातून दोन दिवस पाणी ठिबकते आहे. मेण लावू का?

उत्तर : नको. मुळे जागी झाल्याची ती खूण आहे, आपोआप थांबते.

प्रश्न : घड दहा-बारा लागले, पण मणी बारीक आणि आंबट.

उत्तर : एका घडाला साखर भरण्यासाठी बारा-पंधरा निरोगी पाने लागतात. ५० लिटरच्या कुंडीत चार-सहा घड पुष्कळ झाले. बाकीचे, जिवावर आले तरी, मणी धरताच काढा. मणी ज्वारीएवढे असताना बारीक कात्रीने तिसरा हिस्सा विरळा आणि घडाचे टोक छाटा. बाजारातले लांबट टपोरे मणी जिब्रेलिक आम्लाच्या फवारणीने होतात, तेवढा आकार घरी येणार नाही; गोडी मात्र येते. पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, पाणी बेताने पण नियमित द्या. कोरड पाडून एकदम भरपूर पाणी दिले की मणी तडकतात. तोडल्यावर द्राक्ष गोड होत नाही. टोकाचा मणी सर्वांत शेवटी पिकतो, तोच चाखा.

प्रश्न : पानांवर वरून पांढरी भुकटी दिसते. पाऊस तर नाही!

उत्तर : ही भुरी. तिला पाऊस लागत नाही, दाटी आणि सावली पुरते. पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम, पानांच्या दोन्ही बाजूंना, संध्याकाळी फवारा. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर थांबा, पाने करपतात. कडुनिंबाचे तेल फवारले असेल तर दोन आठवडे गंधक नको. पानावर वरून तेलकट पिवळे डाग आणि त्याच जागी खालून पांढरी लव दिसली तर तो केवडा. तो ओलीत पसरतो आणि गंधकाला दाद देत नाही. त्याला अर्धा टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे) फवारा. डागाळलेली पाने कुंडीत पडू देऊ नका.