थंडीत काळे, उन्हात फिके

प्रश्न : एकाच जातीचे ढालकिडे (लेडीबर्ड) थंडीत जास्त काळे दिसतात. कीटक तापमानानुसार रंग बदलतात का? घरी पडताळता येईल?

उत्तर : बदलतात, पण बहुतेकांचा रंग कोषातच ठरतो. हार्लेक्विन ढालकिड्याचा कोष थंडीत वाढला की ठिपके मोठे होतात; पुढे हवा तापली म्हणून ते आक्रसत नाहीत. म्हणजे आजचा रंग हा कोषाच्या दिवसांतल्या हवेचा हिशेब. ऑस्ट्रेलियाच्या डोंगराळ भागातला कोशियुस्कोला ट्रिस्टिस हा नाकतोडा मात्र खरोखरच रोज रंग पालटतो : नर थंडीत काळपट, 25 अंशांच्या वर निळा.

काळेपणाचा उपयोग कुठे होतो, हे कोलियास फुलपाखरांत छान दिसतं. उडण्याआधी त्यांना छाती साधारण 35 अंशांपर्यंत तापवावी लागते. ती पंख मिटून उन्हाला कूस देतात. पंख पातळ, उष्णता फार लांब वाहून नेत नाही, म्हणून टोकाकडचा काळा रंग या कामी जवळजवळ वाया जातो. कामाचे ते पंखाच्या मुळाशी, छातीला चिकटून असलेले काळे खवले. कडक उन्हात मात्र हेच खवले जाच होतात. मग फुलपाखरू मिटल्या पंखांची कड सूर्याकडे धरतं.

पडताळायला पिकल्या फळांवरची चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला, सोयीची. एकाच माद्यांना दोन बाटल्यांत प्रत्येकी एक दिवस अंडी घालू द्या आणि माद्या काढून टाका. एक बाटली 18 अंशांना ठेवा, दुसरी 28 ला. गार बाटलीला जवळपास दुप्पट दिवस लागतात. घाईने ‘प्रयोग फसला’ म्हणून ती फेकू नका. तुलना फक्त माद्यांची करा, कारण नराचं पोट टोकाला एरवीही काळंच असतं. कोषातून नुकतीच निघालेली माशी फिकीच दिसते, तेव्हा एक दिवस थांबा. बाटलीत फार गर्दी झाली तर माश्या खुरटतात आणि तुलना बिघडते. गार बाटलीतल्या माद्यांच्या पोटाचे शेवटचे पट्टे ठळक गडद दिसतील. (एवढ्याशा माशीची उष्णता वाऱ्यावर लगेच उडून जाते. काळेपणाने ती फुलपाखरासारखी तापेल, ही अपेक्षा नको.)

प्रश्न : मग वाळवंटातले कीटक पांढरे का नसतात?

उत्तर : काही चंदेरी असतात! सहारातल्या कॅटाग्लिफिस बॉम्बिसिना मुंगीच्या अंगावर त्रिकोणी छेदाचे केस असतात. ते ऊन परतवतात, शिवाय अंगातली उष्णता बाहेर टाकायलाही मदत करतात. केस काढले की आतली मुंगी गडदच निघते. शिवाय उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, त्यामुळे नुसत्या नजरेने ‘हा कीटक जास्त तापणार’ असं ठरवताना हमखास चूक होते.