ऊन कडक, तरी सौर पंपाचे पाणी कमी? पॅनल वाढवू नका

प्रश्न (सांगोला तालुका): 5 एचपीचा सौर पंप आहे, 300 वॅटची 16 पॅनल. एप्रिलपासून पाणी घटले, डाळिंबाला पुरत नाही. दुकानदार म्हणतो आणखी दोन पॅनल जोडा. जोडू का?

उत्तर: अजिबात जोडू नका. पॅनलला उजेड लागतो, उष्णता त्याला मारते. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात पॅनल 65 अंशांपर्यंत तापते. 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के वीज घटते, म्हणजे 15 टक्क्यांच्या आसपास गेली. त्यामुळे पंपाची गती 5 टक्के आणि पाणी उचलण्याची ताकद 10 टक्के कमी होते. नेमकी तेव्हाच बोअरची पातळी खाली गेलेली असते. पाणी घटते ते यामुळे.

आता दुकानदाराची दोन पॅनल. तुमच्यासारख्या पॅनलचे उघडे व्होल्टेज (काहीच जोडलेले नसतानाचे) साधारण 45 असते. 16 एका माळेत, म्हणजे एकामागे एक जोडली की व्होल्टेजची बेरीज होऊन 720 व्होल्ट, 18 केली की 810. कंट्रोलरच्या (पॅनलची वीज पंपाला देणाऱ्या पेटीच्या) पाटीवर कमाल डीसी व्होल्टेज, म्हणजे पॅनलकडून येणाऱ्या विजेची मर्यादा, छापलेले असते, ते वाचा. 800 असेल तर खेळ संपला. एप्रिलच्या तापलेल्या पॅनलवर व्होल्टेज उतरलेले असते, म्हणून जोडल्यावर चालून जाते आणि दुकानदार खरा वाटतो. डिसेंबरच्या सकाळी पारा 10 अंशांवर असताना तीच माळ 840 च्या पुढे जाते आणि कंट्रोलर जळतो. वॉरंटीही जाते. परत सांगतो, माळेत पॅनल वाढवू नका.

आधी काच बघा. डाळिंबाच्या बागेशेजारी पॅनल असेल तर तेल्या रोगासाठी मारलेल्या बोर्डो मिश्रणाचा पांढरट-निळसर थर काचेवर हमखास बसतो. त्यावर बोट फिरवा, रेघ उमटली तर पाणी कुठे गेले ते कळेल. फवारणीच्या दिवशी पॅनल झाका. धुवायचे ते सूर्य उगवायच्या आधी, मऊ फडक्याने. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले की काच तडकू शकते. धुण्याची पावडर, ॲसिड, तारेची घासणी नको. एचटीपीची (जास्त दाबाच्या फवारणी पंपाची) गन तर मुळीच नको, मागच्या जोडणीपेटीत पाणी शिरते. बोअरचे जड पाणी वाळले की क्षाराचे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात शेततळ्याच्या पाण्याचा द्या आणि पुसून घ्या. बांधावरच्या बाभळीची एक फांदी एका पॅनलवर सावली टाकत असली तरी सगळ्या माळेची वीज पडते, ती छाटा.

प्रश्न (मंगळवेढा तालुका): दुपारी पंप मध्येच बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. मेकॅनिक म्हणतो सेन्सर काढून टाकू.

उत्तर: काढू देऊ नका. बोअरचे पाणी तुटले की कोरडा पंप जळू नये म्हणून सेन्सरच्या इशाऱ्यावर कंट्रोलर पंप थांबवतो. तो सेन्सर काढला तर मोटार जाईल. गेट व्हॉल्व्ह थोडा आवळून पाणी बोअरच्या आवकेएवढे ठेवा. आणि पंप चालू असताना पॅनलची वायर कधीही ओढून काढू नका. डीसीची ठिणगी लवकर विझत नाही, हात भाजतो.

दोघांनाही माझा आग्रह एकच: ठिबकचे लहान प्लॉट करा. दोन-दोन एकर एकदम सोडले की सकाळी दाब मिळत नाही, शेवटच्या झाडाला थेंब पोहोचत नाही. फिल्टरजवळ दाबमापक लावा. सकाळी 8 ते 10 एकच व्हॉल्व्ह, 11 ते 2 दोन, मग परत एक. दाब 1 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास राहिला पाहिजे. बुडाला पाचटाचे आच्छादन हवेच.

योजनेबद्दल विचारणाऱ्यांना थोडक्यात: ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यावर 7.5. अर्ज महावितरणकडे ऑनलाइन. पाच वर्षे दुरुस्ती पुरवठादाराने करायची आहे, तेव्हा बाहेरच्या मेकॅनिकला कंट्रोलरचे झाकण उघडू देऊ नका.