बायकोला गरोदरपणात शुगर होती, आता नॉर्मल आहे. नवऱ्याने नेमकं काय करायचं? (बेळगाव)

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही. अशा बाईला पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा ७ ते १० पट असतो. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची तपासणी करायची असते. ती झाली का, हे आधी बघा. तान्ह्या बाळाच्या गडबडीत नेमकी हीच राहून जाते. त्या दिवशी सुट्टी काढा आणि बाळाला घेऊन लॅबबाहेर बसा. पुढेही दर १ ते ३ वर्षांनी तपासणी हवीच.

खाण्याचं म्हणाल तर गोड घरात आणतं कोण? बहुतेक वेळा आपणच. येताना कुंद्याचा डबा, गोकाकचा करदंट, आणि वर तिला "तू खाऊ नकोस हं"! असं चालत नाही. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक नको; ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी सगळ्यांच्याच ताटात, भात बेताचा. डिंकाच्या लाडवांवरून आईशी बोलायचं झालं तर तुम्हीच बोला. सुनेने सांगितलं की वाद होतो.

संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात दोघं चालायला जा (सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारून), नाहीतर तिला पाठवा आणि अर्धा तास बाळ तुम्ही सांभाळा. अंगावर पाजल्याने धोका कमी होतो, म्हणून रात्रीची ढेकर आणि लंगोट तुमच्याकडे.

स्वतःचीही शुगर तपासा. कॅनडातल्या क्युबेकमधल्या अभ्यासात अशा जोडप्यांतल्या नवऱ्यांमध्येही मधुमेहाचं प्रमाण जास्त दिसलं होतं.